बियाचं वाळूक

२१ नोव्हेंबर

सौ. अंजनास,

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की डब्यात काय काय आहे हे सांगायला दुसरा मार्ग नाही. फोन केला की तुझा भाऊ उचलतो आणि म्हणतो, "दाजी, अक्का फडात हाय." सकाळी उसाच्या फडात, दुपारी फडात, संध्याकाळी पाण्याला. परमेश्वरला गवार कशी भिजवायची हे सांगून उपयोग नाही. तो भिजवेल आणि पाणी फेकायला विसरेल. तेव्हा तूच नीट वाच. तू सातवी शिकलेली, मी चौथी, त्यामुळे माझ्या चुका काढशीलच. काढ.

डबा तोच आहे, कडीचा, तुझ्या आईनं लग्नात दिलेला. झाकणावर 'कौशल्याबाई, धर्मापुरी' असं टिंबा-टिंबांनी कोरलेलं. आत चार पुरचुंड्या आहेत.

पहिली गवार. ही मी उकळत्या मिठाच्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात काढली आणि मग सावलीत वाळवली, म्हणून हिरवी दिसते. तू थेट उन्हात टाकायचीस आणि ती काळी पडायची. "हिरवी राहिली म्हणून पोट जास्त भरतं का?" असं तू मला विचारलं होतंस. भरत नाही. पण ताटात हिरवं दिसलं की माणूस दोन घास जास्त खातो, हे मी स्वतःवर पाहिलं आहे. कोमट पाण्यात भिजव, भाकरी थापून होईपर्यंत पुरे. दुसरी पुरचुंडी कारल्याच्या काचऱ्यांची. तेलात टाकल्या की लगेच काढ, लाल होण्याची वाट बघितलीस तर कडू कोळसा होतील. तिसरी मेथी. ती तुझ्या जुन्या पातळाखाली वाळवली, त्यामुळे धुळीचा कण नाही. चौथीत वांग्याच्या फोडी आहेत, त्या कमी आहेत, कारण यंदा वांग्यात कीड निघाली आणि कीड असलेली फोड मी वाळवत नाही. शेजारची छबुबाई वाळवते. म्हणते, "कीड बी वाळतीच की."

मणका गेल्यापासून मी जे काही शिकलो ते रेडिओ ऐकून, कृषी मेळाव्यात फुकट वाटलेली पुस्तिका वाचून आणि तीन उन्हाळे माल नासवून. कोणा गुरूच्या पाया पडलो नाही. गल्लीतले हसतात, हसोत. सुग्रीव डबा न्यायला आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. तुला ठाऊक आहे, त्याचा टेम्पो तुमच्या कारखान्याच्या बाजूनं गूळ घेऊन येतो, तेव्हा जाताना रिकामाच असतो. उभा राहून बघत म्हणाला, "गहिनीभाऊ, पापडाचं पण मनावर घ्या. आमच्या घरी लाटायला माणूस कमी हाय." मी त्याला डब्याची कडी कशी लावायची ते दाखवलं आणि वाटेला लावलं.

तुमचा ऊसतोडीचा ट्रक निघाला त्या सकाळी मी माळवदावर होतो, काचऱ्या उलटत होतो. उलटल्या नसत्या तर खालून ओल धरली असती. त्यामुळे ट्रक कधी गेला, कोण कुठं बसलं होतं, हे मला ठाऊक नाही.

आदल्या दिवशी मी जे बोललो ते तू ऐकलंस, गल्लीनंही ऐकलं. "जायचं तर जा, पण मग धर्मापुरीचीच होऊन जा." तू "बरं" म्हणालीस. माणूस भांडतं, रडतं, भांडी आपटतं. तू नुसतं "बरं" म्हणालीस. त्यावर मला आज काही लिहायचं नाही.

बबिता बाळंत झाली, परमेश्वरचा कोयता अर्धा पडला आणि बहीण म्हणून तू उभी राहिलीस, हे मला कळतं. पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे सगळा जिल्हा जाणतो. सोळा वर्षं आपला एक कोयता होता. मी तोडायचो, तू मोळी बांधायचीस, मग तू तोडायचीस. आणि ऊस आपण दोघांनी मिळून सोडला होता. माझ्या कोयत्याची मी लोहाराकडून विळी करून घेतली, त्याच विळीवर या काचऱ्या चिरल्यात. तुझा कोयता आढ्याला खोचलेला होता, तो तू काढून नेलास. जागा अजून तशीच आहे.

डबा सुग्रीवजवळ परत दे.

गहिनीनाथ


८ डिसेंबर

धनूच्या आईस,

डबा पोचला. राखेनं घासलेला, लख्ख, रिकामा.

सुग्रीवनं तो दिला तेव्हा छबुबाई आपल्याच ओट्यावर बसून लसूण सोलत होती. हल्ली ती तिच्या ओट्यापेक्षा आपल्या ओट्यावर जास्त असते. माझ्या हातातून डबा घेऊन तिनं झाकण उघडलं, आत बघितलं, उलटा करून ठोकला.

"रिकामा? आगं बया. भांडन झालेल्या शेजारनीचा डबा सुदीक आमी रिकामा देत न्हाई. साखरंची चिमूट तरी टाकती बाई."

मी म्हणालो, तिकडे पाचटाच्या झोपडीत, कोपीत, साखर कुठून येणार.

"साखरंच्याच कारखान्यावर गेली ना ती?"

यावर मी सांगितलं की टेम्पोत सांडेल, मुंग्या लागतील, म्हणून मीच रिकामा मागवला होता. तिनं लसणाची पाकळी सोलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "व्हय. मुंग्या लई असतात टेम्पोत."

सुग्रीवला मी फार काही विचारलं नाही. काय म्हणाली, एवढंच.

"काय न्हाई."

"डबा देताना?"

"डबा दिला भाऊ. हातात दिला."

"बसून दिला का उभ्यानं?"

"तुमी वकील व्हायला पायजे व्हतं," म्हणाला आणि गाडी चालू केली.

दुसरी गोष्ट. यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो. वाळकाचं बी सापडत नाही.

माझं बियाणं बाटल्यांत असतं, चिठ्ठ्या लावून. तुझं देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात, चिंध्यांच्या पुरचुंड्यांत, राख घालून. दोडक्याचं आहे. घेवड्याचं आहे. भोपळ्याचं आहे. तुझ्या आईकडून आलेल्या वाळकाचं तेवढं नाही. उंदरानं नेलं म्हणावं तर उंदीर पुरचुंडीसकट नेत नाही, तिथंच कुरतडतो. कोनाडा मी हातानं चाचपून पाहिला, मग बॅटरी लावून पाहिला.

दरवर्षी वेलावरचं सगळ्यात देखणं वाळूक तू बियाला राखायचीस. देठाला साडीची चिंधी बांधायचीस, म्हणजे कोणी तोडू नये. ते पिवळं पडून तडकायला आलं की मगच तू बी काढायचीस. एकदा पाहुणे आले म्हणून मी चिंधीचं वाळूक तोडून चिरलं, तर पाहुणे जाईपर्यंत तू हसून वाढलंस आणि ते गेल्यावर आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. "ते खायाचं नव्हतं, ते पुढचं व्हतं," एवढंच म्हणाली होतीस.

तेव्हा बी तू नेलं असशील तर नेलं म्हणून कळव. मला नोंद करायची आहे. छबुबाईला विचारलं तर ती म्हणाली, "बाई बी घेऊन गेली म्हंजी बिऱ्हाड हाललं, गहिनी. आमच्यात आसंच मानतात." मी म्हणालो, आमच्यात तसं काही मानत नाहीत. पण आमच्यात आणि त्यांच्यात तसा काही फरक नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

या डब्यात गवार जास्त घातली आहे.

गहिनीनाथ


३० डिसेंबर, येळवस

धनूच्या आईस,

धनश्री काल अंबाजोगाईहून आली. वाळली आहे, पण नर्सिंगचं शिक्षण म्हणजे रात्रपाळी येणार, त्याला इलाज नाही. येळवसच्या अमावस्येला पोरगी घरी आली, हेच पुष्कळ.

भज्जी मी केली. आपल्या वाफ्यातलं जे जे निघालं ते सगळं घातलं: तुरीच्या कोवळ्या शेंगा, वाटाणा, गाजर, वांगं, मेथी, पातीचा कांदा, हिरवा हरभरा. बेसन आंबट ताकात कालवून घातलं. तुझी भज्जी सैल असते, माझी घट्ट झाली. धनू म्हणाली, "बाबा, सुरीनं कापायची का?" आंबील मात्र जमली. हे खरं शेतात करायचं, पण आपला मळा म्हणजे घरामागचा गुंठा, म्हणून कडब्याच्या पाच पेंढ्यांची खोप तिथंच उभी केली आणि पाच दगडांचे पांडव मांडले. आंबील शिंपडत दरवर्षी तू पुढं चालायचीस आणि मागून येळवसची हाक मी द्यायचो. यंदा धनूनं शिंपडली. हाक मी दिली, पण गुंठा लहान आहे, हाक पुरी व्हायच्या आत कुंपण आलं.

जेवताना धनू म्हणाली, "आईनं एक निरोप दिलाय."

मी भाकरी मोडत होतो. मोडतच राहिलो. म्हणालो, कधी दिला?

"माझा फोन असतो की रविवारी. तिचा तिच्याजवळच असतो तेव्हा."

म्हणजे रविवारी फोन परमेश्वरकडे नसतो. ही माहिती मला आज मिळाली.

"म्हणाली, बाबांना सांग, कोयत्याची सोळा वर्षं न्हाई, सतरा. पहिल्या साली मी पोटात होते, ते तुम्ही धरत नाही."

तेव्हा तू पत्र वाचतेस.

बरोबर आहे, सतरा. सातवा महिना लागेपर्यंत तू मोळ्या उचलल्या होत्यास आणि मुकादमानं हटकलं तर त्याला म्हणाली होतीस, "पोटातलं माझं हाय, तुमाला जड कशाला होतंय?" मी ते वर्ष कसं सोडलं ठाऊक नाही. आकड्यात मी सहसा चुकत नाही. दुरुस्त केलं.

मी धनूला विचारलं, आणखी काय म्हणाली.

"विचारत होती, बाबा माळवदावर शिडीनं चढतात का अजून."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, चढतात."

खोपीच्या सावलीत तिनं तिसरं ताट मांडलं होतं, तुझ्या नावचं. त्यावर माशी बसू नये म्हणून पान झाकत होती. म्हणाली, "बाबा, आई इकडंच येणार ना?"

मी म्हणालो, ताक घे.

डबा याही वेळी रिकामाच आला. छबुबाईला मी दाखवला नाही. आज भरून पाठवतो आहे, पण भज्जी नाही. भज्जी वाटेत आंबते, आणि तिला वाळवायची काही युक्ती मला अजून सापडलेली नाही.

गहिनीनाथ


१६ जानेवारी

सौ. अंजनास,

संक्रांतीला परमेश्वरचा फोन आला. आपण होऊन केला, म्हणून मी ओळखलं की काहीतरी आहे. आधी तिळगुळाचं बोलला, मग बाळाचं, मग थंडीचं.

"दाजी, पट्टा पडला, कारखाना बंद झाला की अक्का आमच्याकडंच येनार हाय. बबिताला बी आधार हुईल. घरामागं जागा हाय, तळ्याचं पानी हाय. तिला काय वेल-बील लावायचा तर लावंल. तुमी उगं डब्याची तसदी घेऊ नगा."

मी विचारलं, "हे अक्का सांगतेय का तू सांगतोयस?"

"एकच हाय ना दाजी."

मी फोन ठेवला. त्याच्यावर माझा राग नाही. मीच गल्लीत उभा राहून जे तोंडानं म्हणालो, ते तो कामाला लावतोय. वाफा तयार असला की कोणीही पेरतं.

दुसऱ्या दिवशी युसूफवडगावला बाजारात गेलो. वांगी आणि मेथीच्या जुड्या घेऊन गेलो होतो, त्या अकराच्या आत संपल्या. कीड नसलेलं वांगं लोकांना आता लांबून ओळखू येतं. मग बियाण्याच्या दुकानात गेलो आणि वाळकाचं पाकीट मागितलं. दुकानदारानं काकडीचं दिलं. वर चकचकीत चित्र, आत गुलाबी औषध लावलेलं बी. मी म्हणालो, हे काकडीचं आहे, मला वाळकाचं पाहिजे. तो म्हणाला, "एकच हाय की काका."

मी म्हणालो, एकच नाही. वाळकाची साल वेगळी, वास वेगळा. त्याच्या देठाकडच्या कडवट भागाला ज्याची जीभ चुकून लागते, तो दुसऱ्यांदा चुकत नाही. दुकानात चार माणसं होती, ती ऐकत होती. तो म्हणाला, "मंग ज्याच्याकडं हाय त्याच्याकडून घ्या."

पाकीट न घेता परत आलो.

तुझ्या वाळकाचं बी माझ्या हातानं लावून मी दोन वर्षं पाहिलं होतं, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू परड्याच्या त्या बाजूला लावायचीस, मी न सांगता या बाजूला लावलं. शेणखत तेच, पाणी तेच. वेल माझाच आधी चढला. फुलंही आली. फळ तुझ्याच बाजूला धरलं. याचं कारण पुस्तिकेत सापडलं नाही.

हा शेवटचा डबा. हरभऱ्याची भाजी आहे, पहाटे दव असताना खुडून वाळवलेली, म्हणजे पाल्यावरची आंब शाबूत आहे. हिला धुवायचं नाही, धुतली तर आंबट चव जाईल. लसणाची फोडणी दे आणि वरून दाण्याचा कूट. डबा परत केला नाहीस तरी चालेल. तो तुझ्याच आईचा आहे, धर्मापुरीचा. तिकडे घेऊन जा.

गहिनीनाथ


१० फेब्रुवारी

अंजनास,

सुग्रीव आला आणि गाडीतून उतरायच्या आत म्हणाला, "भाऊ, मार खाल्ला असता म्या तुमच्यापायी."

मी वाफ्यात होतो. उठायला मला थोडा वेळ लागतो. तोवर तो कुंपणापाशी आला. गेल्या खेपेला मी त्याच्याजवळ काही दिलं नव्हतं, तू पाहिलंसच.

"वैनी ऊस भरायच्या फळीवर चढत व्हती, डोक्यावर मोळी. मला बघितलं आन् मोळी घेऊन माघारी उतरली. माझे दोनी हात बघितले. म्हनली, 'डबा कावून न्हाई आला?'"

मी त्याला म्हणालो, परत सांग.

"डबा कावून न्हाई आला."

"अशीच म्हणाली? का रागानं?"

"भाऊ, डोक्यावर मोळी आसल्यावर मानसाचा आवाज रागाचाच येतो. म्या म्हनलं, भाऊंनी दिलाच न्हाई. तवा म्हनली, 'आजारी हायत का?' म्या म्हनलं, छे, चांगले टणक हायत. मंग चढली परत."

टणक म्हणायची काही गरज नव्हती. मी आजारी नाही हे खरं, पण थंडीत मणका धरतो आणि सकाळी शिडी चढताना तिसऱ्या पायरीवर थांबावं लागतं. हे तुला कळावं म्हणून लिहीत नाही, सुग्रीवची माहिती अपुरी होती म्हणून लिहितो.

शेवटचा म्हणून धाडलेला तो डबाही त्यानं आणून दिला. परत केला नाहीस तरी चालेल असं मी लिहिलं होतं, तरी तू केलास. घासलेला, रिकामा. यावेळी मी तो बराच वेळ हातात धरून होतो. रिकामा डबाही काहीतरी घेऊन येतो, हे मला आधी समजलं नव्हतं. ज्याला पुन्हा भरून यायचं असतं तोच परत धाडतात.

आता डबा ठासून भरला आहे. ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या आहेत, त्या तव्यावर तळून घे. टोमॅटोच्या फाका आहेत, मीठ लावून वाळवलेल्या. हे काम नवीन आहे, मी स्वतःच बसवलं. एक फाक आमटीत टाकली तरी चिंचेची गरज नाही. फाका पहिल्या दोन खेपांना बुरशीनं गेल्या होत्या, ते कोणाला सांगितलं नाही. आता जमतात.

आणि एक गोष्ट विचारायची आहे. नीट विचारतो, म्हणजे मधे परमेश्वर नको. उन्हाळी वाळूक होळीच्या सुमारास टोकावं लागतं. त्याआधी वेलाची आळी खणून, शेणखत भरून, पाणी देऊन माती मुरवावी लागते. मला आळी करायची की नाही, हे ठरवायचं आहे. तू धर्मापुरीला जाणार असशील तर मी त्या जागी दुसरं काही लावीन. जागा रिकामी ठेवणं मला परवडत नाही.

हे शेवटचं वाक्य खोडलं असतं, पण खाडाखोड मला आवडत नाही. जागा मी रिकामी ठेवू शकतो.

गहिनीनाथ


४ मार्च

अंजे,

डबा जड होता.

सुग्रीवनं दोन्ही हातांनी धरून दिला, आणि तो सहसा एका हातानं देतो. छबुबाई ओट्यावर होतीच. मी कडी काढली. आत वाळूक होतं. डब्यात जेमतेम बसलेलं, पिवळंधमक, देठाजवळ तडकायच्या बेतात. पूर्ण पिकलेलं. देठाला चिंधी.

सुग्रीव बोलत होता. मी त्याला थांबवून पहिल्यापासून सांगायला लावलं. तो म्हणाला, कोपीमागं जिथं भांड्यांचं पाणी पडतं तिथं तू गेल्या गेल्याच आळं केलंस. पाचटाचा थर घातलास. शेळ्या येऊ नयेत म्हणून उसाच्या शेंड्यांचं, वाढ्यांचं कुंपण केलंस. सगळी टोळी हसली, की उसाच्या फडावर ही बाई मळा करती. थंडीत वेल आखडला तेव्हा रात्री त्याच्यावर पोतं टाकायचीस. पुस्तिकेत थंडीत वाळूक लावू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. पान मी परत उघडून पाहिलं. स्पष्ट लिहिलं आहे.

"परमेश्वरनं मीठ-मिरची काढून ठिवली व्हती," सुग्रीव म्हणाला. "कापायला कोयता हातात घेतला तर वैनी म्हनली, 'परम्या, हात लावू नगं. चिंधी दिसती का? त्ये आमच्या घरचं हाय.' तो म्हनला, 'अक्का, मंग धर्मापुरीला लावायचं का?' वैनी म्हनली, 'तुझ्या बायकूला कोंब फुटलेलं लसूण टोकायला सांग, त्ये येतं कुनालाबी.'"

मी विचारलं, "आणि मला काही?"

"तुमाला म्हनली, 'त्यांना म्हनावं, हे चिरू नगा. न्हाईतर मीठ लावून वाळवायला बसतील.'"

छबुबाई पुढं झाली, तिनं वाळकाचा वास घेतला, चिंधी बोटांनी चाचपली. तिचे डोळे भरले होते, पण लसूण तिच्या ओच्यात होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. म्हणाली, "बी माघारी आलं, गहिनी."

मी म्हणालो, फळ आलंय. बी अजून आत आहे.

अंजे, बी कसं काढायचं हे मला येतं. उभं चिरायचं, गर सोडवायचा, राखेत चोळायचं, सावलीत वाळवायचं. पण मी याला हात लावलेला नाही. देव्हाऱ्यामागच्या त्याच कोनाड्यात चुंबळीवर ठेवलं आहे, म्हणजे एका बाजूनं दबू नये. रोज बघतो. घरभर वास सुटला आहे. जेवायला बसलो की वाटतं तू मागच्या दारी भांडी घासते आहेस. मी जगातली बहुतेक भाजी टिकवू शकतो. पिकलेलं वाळूक टिकवता येत नाही. ते होळीच्या पुढं थांबणार नाही.

सुग्रीव म्हणतो, ऊस संपत आलाय, पट्टा होळीच्या आतच पडेल.

या वेळी डबा पाठवत नाही. वाफ्यात कोवळा घेवडा आहे, पालक आहे, कांद्याची पात आहे. हे सगळं ताजं आहे, आणि ताजं डब्यात घालून धाडायची युक्ती अजून निघालेली नाही. ते इथंच येऊन खावं लागेल. तुझ्या कोयत्यालाही लोहाराकडे नेऊ, तू म्हणशील तर. नाही म्हणालीस तर आढ्याला जागा आहेच.

परड्याच्या तुझ्या बाजूला चार आळी खणली आहेत. शेणखत चाळून भरलं, वरून राख भुरभुरली. सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. छबुबाई कुंपणावरून विचारते, "बी न्हाई, वेल न्हाई, कुनाला पाजतूस रं पानी?" मी सांगतो, माती मुरायला वेळ लागतो.

चिंधी मी ओळखली. ती त्या हिरव्या साडीची आहे, जी तू निघालीस त्या सकाळी नेसली होतीस.

येताना ट्रकच्या मागच्या फळीवर बसू नकोस, तिथं हादरे जास्त बसतात. पुढं केबिनजवळ जागा माग. जाताना तू मागंच बसली होतीस, कोयता मांडीवर घेऊन, आणि वेशीवरच्या चिंचेपर्यंत तोंड घराकडंच होतं. माळवदावरून तेवढं दिसतं.

गहिनीनाथ